एक अंगठा कमी

दुसऱ्या खेपेला मॅट्रिक पास झालो आणि सरकारनं मला गुरुजी केलं. साल अठ्ठ्याहत्तर. देशातल्या सगळ्या प्रौढांना साक्षर करायचं ठरलं होतं, आणि झरीपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात शिकलेला बेकार मी एकटाच होतो. समाजमंदिरात वर्ग भरला. विद्यार्थी तीस. सगळ्यात लहान विद्यार्थी माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा.

त्यातली चांगुणाबाई वाव्हळे नात्यानं माझी मावशी. वर्गात मला ‘गुर्जी’ म्हणायची, बाहेर पडलं की ‘मुडद्या’. ती रोजगार हमीवर खडी फोडायला जायची. तिथला मुकादम वैजीनाथ तिला हजेरीपटावर सही करू देत नव्हता. “आदी सरकारचा कागद आना, मग सही. तवर अंगठा.”

म्हणून मावशी शिकली. राखेत, पिठात, भिंतीवर आणि शेवटी तांबड्या कावेनं शेळीवर तिनं आपलं नाव लिहिलं. आठ दिवस सगळी गल्ली त्या शेळीला चांगुणाबाई म्हणत होती. दोघींचीही तक्रार नव्हती. सही नीट जमली त्या दिवशी तिनं भर वर्गात जाहीर केलं, “आता ह्यो अंगठा भाकर थापायला. शाई लावायची न्हाई त्याला.”

दहा महिन्यांनी तालुक्याहून साहेब आले, बरोबर दत्तराव कारकून. समाजमंदिरापुढं टेबल मांडलं. दत्तरावांनी त्यावर प्रमाणपत्रं ठेवली, रजिस्टर ठेवलं आणि शेजारी निळ्या शाईचं पॅड उघडलं. मला वाटलं, शिक्क्यासाठी असेल.

“चला, पोच द्या. हितं अंगठा.”

“साहेब, ही माणसं साक्षर झालीत,” मी म्हणालो.

“म्हणून तर प्रमाणपत्र देतोय.” साहेबांनी रजिस्टर माझ्याकडं फिरवलं. “पण नाव नोंदवताना अंगठे दिलेत. घेणारा माणूस तोच कशावरून? अंगठ्याला अंगठा जुळायला पाहिजे.”

“आणि सही केली तर?”

“सही करणारा आमच्या रजिस्टरात एकही नाही.”

माझ्या डोळ्यांदेखत एकोणतीस साक्षर माणसांनी ओळीनं अंगठे दिले, शाई डोक्याच्या केसांना पुसली आणि प्रमाणपत्र वाचत वाचत घरी गेली.

तिसावी मावशी.

“बाई, अंगठा.”

“सही करते की.”

“साक्षर असल्याचा पुरावा?” साहेबांनी विचारलं.

मावशीनं टेबलावरच्या आपल्या प्रमाणपत्राकडं बोट केलं. “त्यो काय.”

“तो अजून तुमच्या ताब्यात नाही.”

मावशी माझ्याकडं बघायला लागली. मी हळूच म्हणालो, “मावशी, एकदाच दे. कागद तर हातात पडंल.”

“गुर्जी, तुमीबी?” ती म्हणाली. वर्गाबाहेर ती मला पहिल्यांदाच गुर्जी म्हणाली, आणि मुडद्या म्हटलेलं परवडलं असतं.

“घेऊन जा मग तुमचं,” ती साहेबांना म्हणाली. “अंगठा मिळायचा न्हाई.”

साहेब उठले. दत्तराव हलले नाहीत. “साहेब, परत नेलं तर वर कारण विचारतील. नकार लेखी पायजे.”

“बरोबर. बाई, तसं लिहून द्या.”

हे वाक्य साहेबांनी स्वतः उच्चारलं. मी शेजारीच उभा होतो, मला तरी ते खरं वाटेना. मावशीनं मात्र मुकाट्यानं दोन कोरे कागद मागून घेतले, खाली मांडी घातली आणि अर्धा तास लिहीत बसली. साहेबांना दोनदा चहा झाला.

दोन्ही कागदांवर एकच होतं: ‘मी चांगुणाबाई सिताराम वाव्हळे साक्षर झाल्याचे प्रमाणपत्र घेण्यास नकार देते. कारण मला लिहिता वाचता येते.’ खाली सही.

साहेबांनी एकदा वाचलं. मग चष्मा काढून पुन्हा वाचलं. दत्तराव वीस वर्षं नोकरीत. लेखी कागद समोर आला की त्यांचा हात आपोआप उठायचा. त्यांनी ‘मिळाला’ म्हणून गोल शिक्का हाणला.

“ही दुसरी नक्कल माझ्यापाशी ऱ्हाईल. हिच्यावरबी मारा,” मावशी म्हणाली. त्यांनी मारला.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम खडीवर गेलो. अंगठ्यांसाठी उघडलेल्या पॅडाशेजारी वैजीनाथ मावशीच्या कागदावरचा गोल शिक्का बघून आधी सावरून बसला, मग अक्षरं लावत लावत वाचायला लागला.

“चांगुणाबाई, ह्याच्यात तर नकार हाय.”

“कुनी लिव्हलाय?”

“तुमीच.”

“मंग?”

वैजीनाथनं कागद उलटा करून बघितला. मागं काही नव्हतं. त्यानं हजेरीपट पुढं सरकवला आणि खिशातलं पेन काढून दिलं. मावशीनं सावकाश सही केली, पेन परत दिलं आणि घण उचलता उचलता म्हणाली,

“त्ये पॅड झाक. उगंच वाळायलंय.”