सदिच्छा भेटींची वही

मी बोलतेय, अंबरनाथ पूर्वेच्या एका सरकारी कार्यालयातली हिरव्या पुठ्ठ्याची वही. दचकू नका, तुमची सही मागत नाही.

माझा जन्म नियमातून झाला. साहेबांकडे कुठलंही काम रेटायला येणाऱ्याने आधी माझ्यात लिहायचं: नाव, कोणातर्फे आलात, कशासाठी. मला दाराशी टेबलावर मांडलं, सुतळीने पेन बांधलं. मला वाटलं, मी म्हणजे तालुक्याचा तिसरा डोळा! पहिल्याच आठवड्यात पेन गेलं, सुतळी राहिली.

लोक लिहायचे काय? 'सदिच्छा भेट'. नाल्यावर गाळे हवेत, सदिच्छा. बदली हवी, सदिच्छा. विठ्ठलवाडीचे एक गृहस्थ बगलेत नकाशांची गुंडाळी घेऊन यायचे आणि 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' लिहून आत शिरायचे. त्या वर्षी साहेबांचे चौदा वाढदिवस झाले. मी भोळी, प्रत्येकाला मनात टाळ्या वाजवल्या.

खरं लिहायची ती फक्त गोदूबाई. जवळच्या गावची म्हातारी, दर गुरुवारी सून नेत्राला घेऊन यायची. "लिव गो, दवाखान्याची जागा दवाखान्यालाच ऱ्हाऊ दे. थं गोदाम नको."

"कोणातर्फे लिहू, आई?"

"माझ्यातर्फे. गुडघं माझं हायत ना?"

मला हसू यायचं. इतकं खरं कोणी लिहितं का?

दवाखान्यासाठी राखलेल्या त्या जागेवर गोदाम हवं होतं बदलापूरच्या जितेशशेठना. त्यांच्यासाठी खेटे घालायचा उन्मेष. एका गुरुवारी माझ्यासमोरच त्याचा फोन वाजला, पलीकडे शेठ ओरडत होते. "तू साहेबांना भेटतोस, की खाली चहा पितोस? प्रूफ पाठव!"

उन्मेष पेटला. सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'जितेशशेठतर्फे. दवाखान्याची जागा गोदामाला द्यावी म्हणून सहावी भेट. साहेब अनुकूल.' वर शिपाई कमलेशला म्हणाला, "शिक्का मार ना यार, शेठना शिक्क्याशिवाय पटत नाही."

कमलेशने मारला. उन्मेषने फोटो काढून शेठना धाडला आणि मला उघडीच टाकून गेला.

पाठोपाठ गोदूबाई आली. नेत्रा लिहायला वाकली आणि वरच्या ओळीवर थबकली. मग तिनेही फोटो काढला.

जागेची सुनावणी घ्यायला ठाण्याहून वरिष्ठ बाई आल्या. साहेब शपथेवर म्हणाले, "गोदामासाठी मला कोणीही भेटलेलं नाही."

"मग मॅडम, दाराशी वही आहे, ती मागवा," नेत्रा म्हणाली.

कमलेशने मला काखेत मारून नेलं. बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. "शिक्का तर तुमच्याच ऑफिसचा आहे!"

जागा दवाखान्याला राहिली, साहेबांची बदली झाली. चोर मीच पकडला, असं मी कपाटातल्या फायलींना सांगत असते. खरं तर मी नुसती पडून होते, चोरानेच स्वतःला शिक्का मारून घेतला.

आता मी भरलेय. माझ्यावर कमलेश डबा ठेवतो, भाजीचे डाग वागवते. टेबलावर नवी वही आहे, बिचारी स्वतःला चौथा डोळा समजते. तिच्यात सही करायची वेळ आली, तर तिला तरी फसवू नका.

माझी शेवटची ओळ मात्र ऐकाच. गोदूबाई आली, एकटीच.

"आज काय काम, आजी?" कमलेशने विचारलं.

"काम काय नाय रं. दवाखान्याचा पाया खणला, त्या नव्या सायबाला सांगाया आले."

"मग काय लिहू?"

"लिव ना, समदी लिवतात तंच. सदिच्छा भेट."

दोनशे पानं धुंडाळून सांगते, तेवढी एकच सदिच्छा खरी होती.