ब्रेक ऑइल कुठे गेलं

ताई गेली त्याला नऊ आठवडे झाले होते, आणि तेवढेच दिवस भाऊजींची गाडी माझ्या गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. ताईच्या बाजूचा दरवाजा आत दबलेला. त्या बाजूने मी जातच नव्हतो. तिकडचा जॅक हवा असला तर शेजारच्या गॅरेजमधून मागून आणायचो.

झालं होतं ते असं. टेकडीवरच्या दवाखान्यात ताईचे डोळे दाखवून दोघं परत येत होती. उतार संपतो तिथे वळण आहे, वळणावर दगडी भिंत. गाडी थांबली नाही. भाऊजींना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, ताई जागच्या जागी गेली. भाऊजी सगळ्यांना एकच सांगत होते, "मी ब्रेक दाबला होता. पेडल खाली गेलं." तपासायला आलेल्या अधिकाऱ्याने गाडीत बसून ब्रेकवर दोनदा जोरात पाय मारला. पेडल घट्ट. ऑइलची टाकी जवळजवळ भरलेली, गाडीखाली एक थेंब नाही. "वय झालं की होतं असं," तो म्हणाला. "ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबतात." कागदावरही तसंच आलं.

भाऊजी बहात्तर वर्षांचे. भाच्याने तो कागद वाचला, घडी घातली आणि बापाशी एक अक्षर न बोलता आपल्या गावी निघून गेला. नऊ आठवड्यांत त्याचा एक फोन नाही. मी तरी काय वेगळा होतो? ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच मला न्हाऊमाखू घातलं, तिनेच फटके दिले. मला राग काढायला कोणीतरी हवं होतं आणि भाऊजी आयते समोर होते. एकदा ते गॅरेजात आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "खटपट्या, गाडी एकदा उघडून बघशील का?" लहानपणी मी घरातलं घड्याळ खोललं तेव्हा ताईने मला हे नाव ठेवलं होतं. त्यांच्या तोंडून ते ऐकून माझं डोकं सटकलं. म्हणालो, "बघायचं काय त्यात? पाय तुमचा, पेडल तुमचं." ते उठून गेले आणि पुन्हा आले नाहीत. त्यांची शेजारीण सांगायची, दिवसभर खुर्चीत बसून उजवा पाय फरशीवर दाबून दाबून बघतात. जेवणाचं नाव नाही.

सोमवारी भंगारवाला गाडी न्यायला येणार होता. रविवारी गॅरेज बंद असतं. म्हटलं, एकदाचं बघून टाकू. खोटं कशाला बोलू, भाऊजींवर दया आली म्हणून नाही. त्यांचं ते 'मी ब्रेक दाबला होता' कायमचं खोटं ठरावं म्हणून.

ताडपत्री ओढली. इंजिन तिसऱ्या झटक्याला सुरू झालं. ब्रेकवर पाय मारला, पेडल घट्ट. झालं समाधान, म्हणून मी उतरायलाच निघालो होतो. पण भाऊजी असा पाय मारत नाहीत. घरात सगळे त्यांची थट्टा करायचे. ताई म्हणायची, "हे ब्रेक दाबत नाहीत गं बाई, ब्रेकची समजूत काढतात." उतार सुरू झाला की ते पेडलवर नुसता पाय ठेवत आणि तो तसाच ठेवून खाली येत. मी परत बसलो. पाय ठेवला, हलकेच, आणि तसाच धरून ठेवला.

पेडल बसायला लागलं. सावकाश, काही आवाज नाही, पार तळाला जाऊन टेकलं.

मी दहा-बारा वेळा तेच केलं. मग बोनेट उघडून बघितलं तर टाकीतलं ऑइल बोटभर उतरलेलं. म्हणजे ते कुठेतरी जात होतं. चारही चाकं उतरवली. मागचे ड्रम काढले, आतली रबरं मागे सारून बघितली. कोरडी. पुढचे होज, म्हणजे रबरी नळ्या, वाकवून चिरा शोधल्या, नव्हत्या. पाइपवरून पुढून मागेपर्यंत पांढरा कपडा फिरवला, तर नुसती धूळ. खाली वर्तमानपत्रं पसरली आणि पुन्हा पेडल दाबत बसलो. कागदाला डागसुद्धा नाही. ऑइल संपतंय आणि गळत नाही, असं काही नसतं. मी स्वतःवरच चिडलो. तीस वर्षं हे काम करतोय आणि एक गळती सापडत नाही!

मग एकच जागा राहिली. पेडलचा दाब घेऊन ऑइल चाकांकडे ढकलतो तो मास्टर सिलिंडर, आणि त्याच्या मागे पातेल्याएवढा गोल बूस्टर, जो पायाला जोर देतो. दोघांच्या मधलं रबर झिजलं तर ऑइल बाहेर येतच नाही, बूस्टरच्या पोटात जाऊन बसतं. खाली थेंब नाही, वर डाग नाही. जोरात पाय मारला तर रबर दबून घट्ट बसतं आणि पेडल धरतं. हळू दाबलं की ऑइल मागे निसटतं. मी दोन नट काढले, सिलिंडर पुढे ओढला. मागची बाजू ओली होती.

भाऊजींनी ब्रेक दाबला होता.

मी तिथेच फरशीवर बसलो. नऊ आठवडे एका म्हाताऱ्या माणसाला आम्ही सगळ्यांनी मिळून काय करून ठेवलं होतं, ते मला तेव्हा कळलं. पण अजून संपलं नव्हतं. सिरिंजला नळी लावून मी बूस्टरमधलं ऑइल काढायला लागलो. एक ग्लास भरला. दुसरा भरला. तिसरा अर्ध्यावर आला. तेव्हा हात थांबला, कारण एवढं ऑइल त्या टाकीत मावतच नाही. टाकी दोन-तीनदा पूर्ण रिकामी होईल एवढं ते होतं. मधल्या मधे कोणीतरी ती भरत होतं.

कोणीतरी म्हणजे मीच. वर्षभर. ताई आणि भाऊजी दर महिन्या-दोन महिन्यांनी माझ्याकडे जेवायला यायचे. ताई ताटं घेत असायची तेवढ्यात मी बाहेर जाऊन सवयीने बोनेट उघडायचो. ऑइल उतरलेलं दिसलं की बाटलीतलं ओतायचो आणि हात पुसत जेवायला बसायचो. ज्यांच्याकडे मी काम शिकलो त्या उस्तादांनी पहिल्याच महिन्यात माझ्या डोक्यात टपली मारून शिकवलं होतं: ब्रेक ऑइल पेट्रोलसारखं संपत नसतं, कमी झालं तर ओतायच्या आधी विचार, ते गेलं कुठे. गिऱ्हाइकाच्या गाडीला मी रोज विचारतो. घरच्या गाडीला म्हटलं, बघू निवांत. ताईला सांगावं तर ती भित्री, भाऊजींचं गाडी चालवणंच बंद करेल. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. टाकी मी भरलेली ठेवली म्हणून डॅशबोर्डवरचा लाल दिवा कधी लागला नाही.

ते दोन नट परत आवळायला पाच मिनिटं लागली असती. सकाळी भंगारवाला येणार होता, कोणाला काही कळलं नसतं. हे माझ्या मनात आलं, आणि ते मनात आल्याची लाज मला अजून वाटते. मी हातसुद्धा न धुता निघालो.

भाऊजींनी दार उघडलं. माझ्या हातांकडे बघून ते बाजूला झाले. मी उभ्या उभ्याच सांगितलं, रबर, बूस्टर, अडीच ग्लास, बाटली, सगळं. मधे थांबलो असतो तर पुढचं बोललो नसतो.

ते खुर्चीत जाऊन बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी ब्रेकच दाबला होता?"

"ब्रेकच दाबला होता, भाऊजी."

"नक्की? मला बरं वाटावं म्हणून नाही ना सांगत?"

"नक्की."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ताईला निरोप देतानाही हा माणूस रडला नव्हता. आपल्याला रडायचा हक्कच नाही असं त्यांना वाटलं असावं. मी काय करणार? मी ज्याच्यावर नऊ आठवडे दात धरला होता त्याच्या खांद्यावर ठेवायलाही माझे हात स्वच्छ नव्हते.

तोंड पुसून ते म्हणाले, "पेडल मऊ लागतंय हे मला चार महिन्यांपासून कळत होतं. दोनदा दाबलं की धरायचं. त्या दिवशी दोनदा दाबायला वेळ मिळाला नाही."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तुझ्या हातची गाडी. तिच्या धाकट्या भावाच्या कामात खोट कशी काढायची? तिला लागलं असतं."

म्हणजे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं, आणि दोघांनीही एकमेकांचं मन राखलं. मधे बसलेल्या ताईला तेवढं कळलं नाही.

भाऊजींनी भाच्याचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. "मी ब्रेक दाबला होता, एवढंच सांग," ते हळूच म्हणाले. "बाकीचं तू मला सांगितलंस. ते आपल्या दोघांत राहू दे."

"मामा?" भाच्याचा आवाज आला. "काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

नुसतं तेवढंच सांगता आलं असतं. भाऊजींनी ते मला देऊ केलं होतं, आणि तेही अगदी मनापासून. पण मग त्या घरात पुन्हा एकदा कोणाचं तरी मन राखलं गेलं असतं. मी पहिल्या बाटलीपासून सांगायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत सांगितलं. अधिकाऱ्यालाही उद्या लिहून देतो, म्हणालो.

मग तो म्हणाला, "बाबांना द्या."

मी फोन दिला आणि बाहेरच्या पायरीवर येऊन बसलो. आतून भाऊजींचा आवाज येत होता, "अरे, रडू नकोस. अरे, असू दे." ते पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते.

भाचा आता रोज बापाला फोन करतो. माझ्याशी तो त्या दिवसापासून बोललेला नाही. भाऊजी म्हणतात, त्याला थोडा वेळ दे. मी मान हलवतो, पण त्याने बोलावंच असं मला वाटत नाही.