पाच दिवसांचं औषध

ताप उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी रत्नम्मा चुलीपाशी जाऊन बसली आणि भाकरी थापायला लागली.

"अव्वा, ऊठ तिथनं. डॉक्टरनं आराम कर म्हणलंय," सुधारानी म्हणाली.

"त्याला म्हणायला काय जातंय? त्याच्या घरी त्याची बायको भाकरी करती."

सुधारानीला हसू आलं. आईचा आवाज पुन्हा आईसारखा झाला होता. तिनं कागद पिशवीत भरले, पाण्याची बाटली घेतली. भालकीची बस गाठायची होती.

ते २००९ साल. गुलबर्ग्याची एक संस्था या भागातल्या डॉक्टरांची पाहणी करत होती. साठीच्या पुढच्या रुग्णांना कोणता डॉक्टर कोणतं अँटिबायोटिक लिहितो आणि किती दिवसांचं लिहितो, एवढंच टिपायचं. मराठी आणि कन्नड दोन्ही येणारं माणूस हवं होतं म्हणून भालकी तालुक्याचं काम सुधारानीकडे आलं. डॉक्टरांची अक्षरं ही तिसरी भाषा मला फुकट शिकावी लागली, असं ती म्हणायची. बहुतेक दवाखान्यांत एकच तऱ्हा होती. म्हातारं माणूस आलं की एक सुई, आणि दोन दिवसांच्या सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत. खटकचिंचोळीचे, तिच्याच गावचे, गुरुशांतप्पा डॉक्टर तेवढे वेगळे. ते पाच दिवसांचं औषध लिहीत आणि कुणी कुरकुरलं तर ऐकू न आल्यासारखं करत. आईला खोकला आणि ताप आला तेव्हा सुधारानी तिला त्यांच्याकडेच घेऊन गेली. त्यांनी दिलेली चिठ्ठी तिनं आपल्या तक्त्यातही उतरवून घेतली.

दवाखान्याबाहेर बसलेल्या म्हाताऱ्यांना जाता जाता एक गोष्ट समजावून सांगायची, अशी संस्थेची सूचना होती. बरं वाटलं तरी गोळ्या मधेच सोडायच्या नाहीत, आणि आपल्या गोळ्या दुसऱ्याला द्यायच्या नाहीत. सुधारानीनं हे दोन्ही भाषांत इतक्यांदा सांगितलं होतं की तोंडातून ते आपोआप बाहेर पडायचं. घरात मात्र ते कधी निघालं नाही. घरात बोलणं व्हायचं ते दुधाचं, रॉकेलचं, पुण्याच्या कारखान्यात लागलेल्या भावाच्या फोनचं. सुधारानीच्या उशाशी पुस्तकांची थप्पी असायची, आणि आई त्या थप्पीवरची धूळ पुसायची. आपण दिवसभर काय करतो हे आईला समजावण्याचा नाद तिनं फार पूर्वीच सोडला होता. लेक डॉक्टरांना मोजते, एवढं आईला ठाऊक होतं.

रत्नम्माची रीत गल्लीला ठाऊक होती. सकाळी लिंगपूजा झाल्यावर ती घरातल्या डब्यांवर नजर फिरवायची आणि काय कुठं जायचं ते ठरवायची. दासोह, म्हणजे असेल ते वाटून खाणं, हा शब्द तिच्या तोंडी फारसा येत नसे. तो तिच्या हातात होता. शेतातला पावटा, लेकानं पाठवलेला चिवडा, विरजणाचं दही, सगळं आधी गल्लीत फिरायचं आणि उरलं तर घरात यायचं. गल्लीत तरी कोण उरलं होतं? पोरं पुण्याला, हैदराबादला गेलेली. मागे राहिलेली म्हातारी माणसं एकमेकांची दारं ढकलून जिवंत असल्याची खात्री करून घ्यायची.

सुधारानी निघाली तेव्हा आई उंबऱ्यात होती. पदराला गाठ मारलेली, गाठीवर मूठ.

"कुठं जायलीस?"

"शेजारच्या चन्नीकडं. रातभर खोकलायलीय बिचारी."

"काय देयलीस तिला?"

"तुला काय करायचंय? तू जा, डॉक्टरास्नी मोज. बस चुकंल."

सुंठ-गूळ असेल, असं सुधारानीला वाटलं. बस खरंच चुकली असती.

आठवड्याभरात आईचा ताप परत आला तो धाप घेऊनच आला. बिदरच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरनं विचारलं, "आधीचं औषध पुरं घेतलं होतं?"

"हो. पाच दिवसांचं. माझ्याकडे नोंद आहे."

खाटेवरच्या रत्नम्मानं लेकीकडे पाहिलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता.

"मग ते औषध त्यांना लागू पडलेलं नाही," डॉक्टर म्हणाला आणि त्यानं दुसरं सुरू केलं. तेही पुरलं नाही. पहिलं औषध पुरतं पोटात गेलं असतं तर ती वाचली असती का, हे नंतरही कुणी सांगू शकलं नाही.

माती शेतातच झाली. गुरुशांतप्पा डॉक्टर आले, चप्पल बांधावर काढून उभे राहिले. परतताना म्हणाले, "मला उमजत नाही, अक्का. औषध बरोबर होतं."

सुधारानीनं तोंड फिरवलं. बिदरच्या डॉक्टरचं वाक्य तिनं घट्ट धरून ठेवलं होतं. एवढ्या दवाखान्यांतून एक माणूस मी निवडला, असं तिला राहून राहून वाटे. ती त्यांच्या दवाखान्याकडचा रस्ता टाळू लागली. गुलबर्ग्याला पाठवायच्या अहवालात त्यांच्या नावापुढे काय लिहायचं, तेही तिनं मनाशी ठरवून टाकलं.

पाहुणे पांगले. आईची बाज ओसरीतच होती. कुणी ती उचलत नव्हतं. एका दुपारी शेजारची चन्नम्मा आणि गल्लीतली अंबुबाई येऊन भिंतीला टेकून बसल्या. रडून आणि जागून सुधारानीचा घसा धरला होता. ती खोकली.

"बघ, हिलाबी लागलं," अंबुबाई म्हणाली. "काढ गं चन्ने, ते काढ."

चन्नम्मानं पदराची गाठ सोडली. कात्रीनं कापलेला पाकिटाचा तुकडा, त्यात लाल-पिवळ्या कॅप्सूल.

"रत्नक्कानं दिल्त्या. मला दोनातच उतार पडला बघ. ह्या अंबुबाईला बी दिल्त्या. उरलेल्या रत्नक्काला वापस द्याव्या म्हणलं तर ती ऱ्हायलीच न्हाई. तू घे, पोरी. तुझ्या अव्वाच्याच हायत."

सुधारानीनं तुकडा हातात घेतला. मागच्या चांदीवरचं नाव तिनं वाचलं. हेच नाव तिनं तक्त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, पुढे 'पाच दिवस'.

"तिनं कधी दिल्या?"

"तिचा ताप उतरला तवा, तू बसला गेलीस त्या दिशी. मी म्हणलं, तुला नको का गं? तर म्हणली, मला बरं हाय. चांगलं औषध हाय, गुरुशांतप्पाचं. एकटीनं कामून खावं?" चन्नम्मा थांबली. सुधारानीच्या तोंडाकडे बघत राहिली. "का गं? आमचं काय चुकलं व्हय?"

सुधारानीनं तो तुकडा मुठीत मिटला. त्या बाईला आता काय सांगणार होती ती? आणि न सांगावं तर उद्या या उरलेल्या गोळ्या आणखी कुणाच्या तरी पदरात गेल्या असत्या. संध्याकाळी गुरुशांतप्पांच्या दवाखान्यात जाऊन औषध बरोबरच होतं असं सांगायचं, हे तेवढं तिला आत्ता कळलं.

ती उठून बाजेपाशी गेली. उशाकडच्या सुंभावर हात ठेवला. गावोगाव सगळ्यांना सांगून गुळगुळीत झालेलं ते बोलणं बाहेर आलं, पण दवाखान्याबाहेरच्या भाषेत नाही, घरच्या बोलीत.

"अव्वा, बरं वाटलं तरी ह्या पुऱ्या घ्यायच्या असत्यात. ह्या वाटायच्या नसत्यात. दिवसभर मी लोकांस्नी हेच सांगत फिरती. तुला न्हाई सांगितलं. मला वाटलं, तुला कुठं कळायलंय."