म्हातारीच्या दोऱ्यांची फुली

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फुली आहे. तुम्ही मला ओळखणार नाही, आणि त्यात तुमची काही चूक नाही. दोऱ्यांवर नाचणारी बाहुली सगळ्यांना दिसते. ते दोरे जिला बांधलेले असतात, ती फुली मात्र पडद्याआड कुणाच्या तरी मुठीत असते. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याचीही मला खात्री नाही.

एका मोडक्या खुर्चीच्या दोन पट्ट्या एकमेकींवर ठोकून दादांनी मला घडवले. दादा शाळेत सुतारकाम शिकवत. निवृत्तीनंतर ते आणि त्यांची धाकटी बहीण, आमच्या ताई, बाहुल्यांचे खेळ करू लागले. घरातल्या चादरीचा पडदा झाला, टेबलावरचा दिवा रंगमंचावर गेला. ताई नाटके लिहीत, सगळे आवाज काढत आणि हॉल फुकट मिळावा म्हणून वाचनालयाच्या व्यवस्थापकाची मनधरणी करत. बाहुल्या नाचवायला दुसरा माणूस ठेवणे परवडणारे नव्हते. सगळी भिस्त दादांच्या हातावर होती.

माझ्या दोऱ्यांना एक म्हातारी बांधली होती. दादा तिच्याकडून सुईत दोरा ओवून घेत, तेव्हा पुढच्या रांगेतली मुले श्वास रोखून पाहत.

एका हिवाळ्यात मला त्या मुठीत बारीक थरथर जाणवली. म्हातारीचे हात कापू लागले. सुई हुकली, पुन्हा हुकली. आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. म्हातारपण हुबेहूब उभे केले, असे जो तो म्हणू लागला. ताई तर हरखून गेल्या. म्हातारीची थरथर पाहायला या, असे त्यांनी जाहिरातीच्या फलकावर स्वतः रंगवले. तालमीत त्या म्हणाल्या, "अजून थोडी कापव तिला." दादा नुसते हसले. मला सगळे कळत होते, पण मला तोंड कुठे होते?

थरथर वाढली, तसे दादा नाटकांत बदल सुचवू लागले. राजकुमाराच्या जागी त्याचा आजोबा आला. वाघही थकला.

"दादा, आपल्या राज्यात एखादा तरणा माणूस ठेवशील की नाही? वाघाच्यासुद्धा दाढा पाडल्यास," ताई चिडवत.

वय कुणाला चुकले आहे, एवढेच दादा म्हणत. खरे सांगितले तर खेळ बंद पडेल, आणि ताईंना तर खेळाशिवाय दुसरे काही नव्हते. म्हणून ते गप्प राहिले.

शेवटी भरल्या हॉलमध्ये दोरे गुंतले, मी मुठीतून निसटले आणि म्हातारी तोंडावर पडली. लोकांना तोही नाटकाचाच भाग वाटला. ते टाळ्या वाजवत राहिले. ताईंनी मला उचलून दादांच्या हातात दिले आणि वरून त्यांची मूठ धरली. धरलेली मूठही थांबेना.

"कधीपासून, दादा?"

"सुई पहिल्यांदा हुकली ना, तेव्हापासून."

"आणि मी तुला अजून कापव म्हणत होते."

त्यानंतर खेळ झाला नाही. मी आता भिंतीवरच्या खिळ्याला लटकते. ताई दादांना चमच्याने भरवतात. शेजारच्या शाळेतून टाळ्यांचा आवाज आला, की उठून खिडकी लावून घेतात.

मित्रांनो, कुणाचे कौतुक कराल तेव्हा त्याचा हातही एकदा हातात घेऊन पाहा. मी पडले लाकूड. इतकी वर्षे त्या मुठीत राहूनही मला काही विचारता आले नाही. तुम्हाला येईल.