वीतभर कापलेला दांडा

“दर शनिवारी तोच कोपर आणि तेच मलम. डबी संपत आली, भाजणं काही संपत नाही,” ताई पुटपुटत होती. तिचा धाकटा भाऊ बाही वर करून मोरीजवळच्या स्टुलावर बसला होता. त्याच्या पायाशी, गोणपाटात गुंडाळून ठेवलेलं होतं ते मी.

मित्रांनो, मी एक जुनं फावडं आहे. आगगाडीच्या इंजिनात कोळसा टाकायचं. लोहाराने मला एकाच पत्र्यातून ठोकून काढलं, सरळ लाकडाचा लांब दांडा बसवला आणि एका नव्या फायरमनच्या हाती दिलं. पुढे तोच ताईचा नवरा झाला आणि त्याच्याही पुढे साहेब. तेव्हा मात्र तो नुसता ‘तो’ होता.

त्याला चैन म्हणून नव्हती. सिग्नलला गाडी थांबली की बाकीचे विडी काढत, हा खिशातून खडू काढी. धूर ड्रायव्हरच्या डोळ्यांत का जातो? धुराड्याचं तोंड असं वळवलं तर? माझ्या पात्यावर चित्र निघे, कोळशाचा पुढचा घास भट्टीत गेला की पुसलं जाई, आणि तो पुन्हा काढायला बसे. पात्याला सारखी खाज सुटल्यासारखं व्हायचं. पण अशाच पुसलेल्या चित्रांतून एक नवं धुराडं उभं राहिलं, धूर टपावरून उंच फेकणारं. ड्रायव्हरांचे डोळे पहिल्यांदाच कोरडे राहिले. लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचले. मग त्याला वरच्या मजल्यावर, नकाशांच्या खोलीत बोलावणं आलं.

मीही वर गेलेलं. आधी भिंतीवर, मग कपाटावर, शेवटी कपाटामागे. ताईचा हा भाऊ, साहेबांचा मेहुणा, फायरमन झाला तेव्हा साहेबांना माझी आठवण झाली. “हे घे. याने माझं भलं केलंय,” म्हणाले.

आता साहेबांच्या नव्या इंजिनाबद्दल सांगायला हवं. कमी कोळशात जास्त ओढणारं, असं इंजिन कुणी पाहिलं नव्हतं. त्यासाठी बॉयलर आणि भट्टी दीड हात लांब केली होती. पण शेडमध्ये इंजिन उभं करून त्याचं तोंड फिरवायची चकती होती तेवढीच, म्हणून एकूण लांबी वाढवता येईना. तो दीड हात कुठून तरी यायलाच हवा होता. तो आला फायरमनच्या उभं राहायच्या जागेतून. पहिल्याच दिवशी माझा दांडा मागच्या भिंतीवर आपटू लागला. दुसऱ्या दिवशी मेहुण्याने करवत आणली आणि वीतभर दांडा कापून टाकला. दांडा आखूड झाला तसा हात भट्टीच्या तोंडाशी गेला.

चाचणीला साहेब स्वतः चढले होते, पण खिडकीत बसून, नजर घड्याळावर, पाठ आमच्याकडे.

सांगणार कोण? ड्रायव्हर म्हणे, फायरमनने सांगावं. मेहुणा म्हणे, मी घरचा, कुरकुर केल्यासारखं दिसेल. ताई म्हणे, मला मेलीला इंजिनातलं काय कळतंय. आणि सोमवारी अशाच आणखी बारा इंजिनांवर साहेबांची सही व्हायची होती.

त्या शनिवारी साहेब लवकर घरी आले. “माझं फावडं आणलंस? सही करताना टेबलाशी उभं करायचंय.” उत्तराची वाट न बघता त्यांनी गोणपाट सोडलं, मला उचललं आणि जुन्या सवयीने पाय फाकवून उभे राहिले. डावा हात पात्याजवळ बसला. उजवा दांड्याचं टोक शोधत मागे गेला आणि नुसत्या हवेवर मिटला.

“दांडा कुणी खाल्ला?”

“शेडमध्ये उंदीर फार झालेत, भाऊजी.”

“करवतीचे दात असलेले?”

ताईने डबीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

“मागे भिंतीला लागत असणार,” साहेब स्वतःशीच म्हणाले, आणि त्यांचे डोळे चमकले. “त्यात काय. दुमडता दांडा करू. इथे बिजागरी, इथे खटका.” मला मांडीवर आडवं घेऊन त्यांनी खडू काढला. इतक्या वर्षांनी पात्यावर तो खडू. मी सुखावायला हवं होतं. पण नको नको झालं.

मित्रांनो, अवजाराला तेल लावा, गंज चढू देऊ नका, हे तर तुम्हाला कुणीही सांगेल. मी एवढंच मागतं: ते कापलेलं दिसलं तर नवं आणायच्या आधी कापणाऱ्याचा हात बघा.

साहेबांचा खडू चालूच होता. ताई उठली आणि तिने मलमाची डबी त्या चित्रावरच ठेवली.

“फावड्याला काही झालेलं नाही हो,” ती म्हणाली. “तुमच्या इंजिनात माणूस मावत नाही.”