नासपतीखालचं पिंप

सरळ उत्तर देणारा नॉर्मन माणूस अजून जन्माला यायचाय, असं उरलेलं फ्रान्स म्हणतं. त्यात आन्सेल्म लेकुतूर म्हणजे नॉर्मनांतलाही नॉर्मन. टोपीवरून पाणी ओघळत असताना कुणी विचारलं, पाऊस आहे का रे बाहेर, तर हा म्हणायचा, "असेलही, नसेलही." स्वतःच्या लग्नात मेयरने 'ही तुला पसंत आहे का' असं विचारलं, तेव्हा गडी इतका वेळ विचार करत राहिला की शेवटी नवरीनेच कोपराने ढोसलं. ती बिचारी लढाईआधीच गेली. आन्सेल्मला ही शिकवण बापाकडून मिळालेली. हो म्हटलं की माणूस बांधला जातो, नाही म्हटलं की दार लागतं. शहाण्याने उंबऱ्यावर उभं राहावं.

मुलगा लेओन्स जन्मला त्या वर्षी आन्सेल्मने सफरचंदाची कडक दारू गाळून एक लहानसं ओकचं पिंप भरलं आणि तोंड बंद केलं. या भागात तशी रीतच आहे. लेकराच्या जन्माला भरलेली ही दारू, म्हणजे काल्वा, त्याच्या लग्नाला फोडायची, मधे कुणी हात लावायचा नाही. जर्मन आले आणि घराघरांतली तळघरं हुंगू लागले, तेव्हा बापलेकांनी ते पिंप बागेत बांधाच्या पायथ्याशी, नासपतीच्या झाडाखाली पुरलं. पुढे जर्मनांनी लेओन्सलाच उचललं आणि जर्मनीतल्या कारखान्यात कामाला नेलं. जायच्या आदल्या दिवशी त्याने गिरणीवाल्याच्या ओदीलशी लग्न ठरवलं. "मी वाट पाहीन," ती आन्सेल्मच्या स्वयंपाकघरात, त्याच्यासमोर म्हणाली होती.

मग लढाई आली. समुद्रकिनाऱ्यावर अमेरिकन फौजा उतरल्या तेव्हा गाव नाचलं. पण किनारा ते आन्सेल्मची बाग एवढं अंतर कापायला त्या फौजांना अर्धा उन्हाळा लागला. इथे प्रत्येक वावराला पुरुषभर उंचीचा मातीचा बांध, वर दाट झाडी. या बांधाआड जर्मन, त्या बांधाआड अमेरिकन, आणि एकेका वावरासाठी आठवडा. शेवटी रणगाड्यांना पुढे लोखंडी दात लावून अमेरिकनांनी बांधच फोडले, आणि एका दुपारी विमानांनी आभाळ झाकून टाकलं. त्या बॉम्बवर्षावात ओदीलचे आईवडील गिरणीसकट गेले. युद्धाला इथेच कलाटणी मिळाली, असं आता रेडिओवर सांगतात. मिळाली असेल. पण कलाटणीला जागा फार लागते, आणि ती आन्सेल्मच्या बागेत घेतली गेली. बांध गेला, गाई गेल्या, झाडं गेली, कडेची चार सफरचंदाची काय ती वाचली. नासपतीचं गुडघाभर खोड तेवढं राहिलं.

पुढच्या वर्षी जर्मन कैद्यांनी बागेतले सुरुंग काढले. कारखान्यांत नेलेली पोरं परतू लागली, हाडांचे सापळे होऊन का होईना, पण परतली. लेओन्स आला नाही. मेल्याचीही खबर नाही, असल्याचीही नाही.

"पिंप शोधलंस का रे?" शेजारची झेली विचारायची. नवरा गेल्यापासून गावाची चौकशी हाच तिचा धंदा.

"बांधच राहिला नाही, कुठे शोधू? सापडेलही, नाहीही."

खरं तर त्याला पक्कं ठाऊक होतं. रोज संध्याकाळी तो त्याच खोडावर बसून पाइप ओढायचा. पिंप काढायचं म्हणजे कुणाच्या लग्नासाठी, हा प्रश्न आला असता. त्यापेक्षा घोंगडं भिजत पडलेलं बरं.

त्या शरद ऋतूत ओदील नेहमीसारखी सफरचंदं वेचायला आली. बराच वेळ ती नुसती वेचत राहिली. मग म्हणाली, "काका, रेमीचं इथलं काम संपलं. रविवारी तो दुसऱ्या कामाला कूतांस शहरात चाललाय."

रेमी म्हणजे आन्सेल्मच्या घराला नवं छप्पर घालणारा सुतार.

"छप्पर बरं घातलंय त्याने," आन्सेल्म म्हणाला.

"छपराचं कुठे काढलंत! त्याने मला मागणी घातलीय."

आन्सेल्मने एक सफरचंद उचललं, फिरवून पाहिलं, कीड नव्हती तरी पुन्हा फिरवलं. "तुझ्या मनात काय आहे?"

"मनात रेमी आहे. खोटं कशाला बोलू? पण डोळे मिटले की लेओन्स दारात उभा दिसतो, आणि मी दुसऱ्याच्या घरात चूल पेटवतेय." तिने हातातलं सफरचंद टोपलीत टाकलं. "मी तुमच्यासमोर शब्द दिला होता. मोडायचा तर तुमच्यासमोरच मोडेन, पाठीमागे नाही. एवढंच सांगा, लेओन्स येणार आहे का?"

"कुणी सांगावं, पोरी. येईलही, ना..."

"पुरे!" तिने टोपली आपटली. सफरचंदं गवतात पसरली. "तुमचं हे येईलही-नाहीही ऐकत मी म्हातारी व्हायची! हो म्हणा, मी थांबते. देवाशपथ थांबते, रेमीला आजच सांगते. नाही म्हणा, मी जाते. पण एकदा, आयुष्यात एकदा, काहीतरी एक म्हणा!"

'हो' त्याच्या जिभेवर आलं होतं. ही थांबली तर वाट पाहायला दोघं असतील. ही आली की गाय धुताना शीळ घालणाऱ्या लेओन्सबद्दल तो बोलू शकत होता आणि ती ऐकायची. ही गेली की त्या घरात तो एकटा, आणि नवं छप्पर. त्याला भीती वाटली, बॉम्बच्या दुपारीही वाटली नव्हती इतकी.

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिशी जवळ आली होती. लढाईने तिचे आईबाप घेतले, गिरणी घेतली. उरलेलं घ्यायला आता लढाई नव्हती, फक्त तो होता.

"नाही," आन्सेल्म म्हणाला.

ओदीलला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"येणार नाही तो. जा तू, पोरी. रेमी चांगला आहे."

"काही कळलंय का तुम्हाला? कुणी सांगितलं?"

"बापाला कळतं," त्याने ठोकून दिलं आणि खाली वाकून सफरचंदं गोळा करू लागला. ती त्याच्या गळ्यात पडून रडली. तो उभा राहिला, हातातली सफरचंदं तशीच धरून.

ती गेल्यावर त्याने कुदळ आणली. पिंप धड होतं. एवढी लढाई डोक्यावरून गेली आणि ओकच्या फळ्यांना चरा नव्हता. ते पाहून मात्र तो खोडावर बसला आणि मोठ्याने रडला. मग घरात नेऊन त्याने एक बाटली भरून घेतली, बुचावर मेण ओतलं, आणि लेओन्सच्या सदऱ्यांमागे कपाटात ठेवून दिली. बाकीचं पिंप हातगाडीवर घालून ओदीलकडे पोचवलं.

लग्न नोव्हेंबरात झालं. ओदीलचा हात धरून तिला मेयरसमोर आन्सेल्मनेच नेलं. जेवण अर्ध्यावर आलं, पोटं तुडुंब झाली, तेव्हा रिवाजाप्रमाणे पिंप फोडलं. जेवणाच्या मधोमध पेलाभर काल्वा घेतली की पोटात पुढच्या पानासाठी जागा होते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आन्सेल्म स्वतः वाढायला लागला, पहिला पेला झेलीला.

झेलीने पेला रिता केला, डोळे पुसले आणि पिंपावर बोटाने टकटक केलं. "अगं बाई, हे तर वरून रिकामं वाजतंय! एवढी का हवेत उडाली? का रे आन्सेल्म, लेओन्ससाठी बाजूला काढून ठेवलीस की काय?"

कुणीतरी तिला टेबलाखालून लाथ मारली.  आन्सेल्म पिंपाच्या तोटीशी वाकलेला होता, तो सावकाश उभा राहिला.

"ठेवली असेलही," तो म्हणाला. "नसेलही."

लोक हसले, हायसं वाटून हसले. हा आपला नेहमीचाच आन्सेल्म! ओदील हसली नाही.  ती जागेवरून उठून त्याच्यापाशी आली आणि त्याची बाही धरून हळूच म्हणाली, "काका, मग त्या दिवशी बागेत तुम्ही 'नाही' म्हणालात, ते..."

आन्सेल्मने तिचा पेला काठोकाठ भरला.

"पी, पोरी," तो म्हणाला. "अर्धं जेवण अजून व्हायचंय."