डाव्या कोपराचा रफू

रफूबाईचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. उभं राहिलं तर डोक्याला पायरी लागायची, म्हणून ती एक्केचाळीस वर्षं बसूनच राहिली. एका अंगाला कोर्ट, दुसऱ्या अंगाला कॉलेज आणि मधल्या गल्लीत ही. वकिलाचा कोट खिळ्याला अडकायचा, प्राध्यापकाचं कोपर टेबलावर घासून झिजायचं. दोघांनाही घाई. "बाई, तासाभरात हवाय." मग कोट काढून द्यायचा आणि समोरच्या बाकावर बसायचं. कोटाशिवाय वकिलाला कोर्टात उभं राहता येत नाही आणि फाटक्या कोटात प्राध्यापकाला वर्गात जाववत नाही. जाता येत नाही म्हटल्यावर माणूस करणार काय? बोलणार. कोट उतरला की माणसाची अर्धी फुशारकी उतरते, उरलेल्या अर्ध्यात तो खरं बोलतो, हे तिचं शास्त्र होतं.

त्या बाकावर काय नाही झालं! खुन्याला फाशी द्यावी की नाही, आकाशाला टोक आहे का, मेलेल्या माणसाला दिलेला शब्द पाळायचा की त्याच्याबरोबर जाळायचा. रफूबाई तिसरीत नापास होऊन शाळेबाहेर पडलेली. पण सुई चालू असताना कान रिकामेच असतात. दातात दोरा धरून ती मधेच म्हणायची, "वकीलसाहेब, मंगळवारी तुम्ही याच्या अगदी उलट बोलला होतात," आणि सगळा बाक खदखदून हसायचा. वकील चिडायचा आणि पुढच्या आठवड्यात धडका कोट घेऊन यायचा. "बाई, जरा बघा, कुठे उसवलाय का." कुठेही उसवलेला नसायचा. तिला ते कळायचं. तीही मग कोट उलटसुलट करत तासभर बघत बसायची.

गुडघे गेले तेव्हा मुलानं तिला आपल्याकडे नेलं, शहराबाहेरच्या वसाहतीत. दोनशे बारा घरं, सगळी एका साच्यातली. एकच छप्पर, एकच दार, दारापुढे रुमालाएवढी हिरवळ आणि तीही एकाच उंचीची कापलेली. मुलाला त्याचा केवढा अभिमान! "आई, बघ किती शांत आहे."

"स्मशानही शांत असतं," ती म्हणाली, "पण तिथे निदान माणसं एकमेकांना धरून रडतात तरी."

सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. हे पाहणं रफूबाईनं पहिल्याच दिवशी ओळखून ठेवलं.

चौदा महिने झाले. या चौदा महिन्यांत शेजारच्या घरातल्या बाईचं तिनं जे काही पाहिलं ते गाडीच्या काचेतून. सकाळी गॅरेजचं दार वर जायचं आणि गाडी निघायची. संध्याकाळी गाडी आत जायची आणि दार पडायचं. बिळातल्या उंदराला तरी निघताना इकडेतिकडे बघावं लागतं. रस्त्याला बाक नव्हता. जवळात जवळचं दुकान चार किलोमीटरवर. जेवताना तिनं एकदा विषय काढून पाहिला. पेपरात एका न्यायाधीशानं आपलाच निकाल चुकला म्हणून कबूल केल्याचं आलं होतं. "अशा माणसाला खुर्चीवर ठेवावं की काढावं? काय वाटतं तुला?"

"आई, प्लीज. दिवसभर डोकं पिकलंय."

"पिकलेलं कसलं, अढीत घातलेलंच नाही ते," ती म्हणाली. कुणी हसलं नाही. सुनेच्या कानात गाणी ऐकायच्या पांढऱ्या बोंड्या होत्या. मुलगा फोनमध्ये दुसऱ्याच कुणाशी तरी हसत होता.

मग ती स्वतःशीच दोन्ही बाजू मांडू लागली. हळू आवाजात, आधी वकील होऊन आणि मग प्राध्यापक होऊन. पण त्यात मजा नव्हती. आपणच घातलेली कोडी आपणच सोडवण्यात काय राम? एकट्यानं विचार करणं म्हणजे एका पात्याची कात्री. चालते, पण कापत काही नाही.

चूक घडली ती एका दुपारी. फिरून परत येताना ती मागच्या दारानं घरात शिरली, किटली गॅसवर ठेवली, डाव्या हाताचा वरचा खण उघडला. चहाचा डबा बरोबर तिथेच होता. तोच खण, तीच मूठ. आतल्या खोलीतून आवाज आला, "माझ्यात साखर कमी टाका."

तिचा मुलगा कामावर, सून कामावर. हा कोण?

बाहेर येऊन बघते तर खुर्चीत एक म्हातारा. अंगात कोट, मांडीवर पुस्तक. त्याला वाटलं होतं, लेकीनं कामाला नवी बाई ठेवली.

"मी मोलकरीण दिसते का?" रफूबाई कडाडली.

"मग चहा का टाकलात?"

"माझं घर समजून!"

म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. "चूक तुमची नाही, आमची. ही जमीन मीच मोजली होती. सरकारी मोजणीदार मी. प्रत्येक तुकडा बोटभरही कमीजास्त नाही."

"मग एखाद्या कोपऱ्यावर झाड, एखाद्या वळणावर बाक, एवढंही मोजता आलं नाही?"

"बाक नकाशात नव्हता. आणि बरंच झालं. शांतता नसेल तर माणूस विचार कधी करणार?"

"करता का मग? आज काय विचार केलात?"

मोजणीदार पानं चाळू लागला. मांडीवरचं पुस्तक त्यानं तीनदा वाचलं होतं, आणि त्यातलं कुणाला सांगायलाच मिळालं नव्हतं. रफूबाई समोरच्या खुर्चीत ऐसपैस बसली. "हं, सांगा. मात्र मला पटलं नाही तर मी तोंडावर सांगणार."

तिला पटलं नाही. दोन तास पटलं नाही. घरी परतली तेव्हा गुडघे दुखत नव्हते.

त्यानंतर ती अकरा वेळा गेली, आणि त्यातली एकही चूक नव्हती. मोजणीदार दुपारी दोनला मागच्या दाराची कडी काढून ठेवायचा. एकच गोष्ट त्यानं पहिल्याच आठवड्यात सांगून टाकली होती. "लेकीला कळता कामा नये. मागे मी एका विक्रेत्याला घरात घेतलं, तर ती म्हणाली, बाबा, पुन्हा कुणाला दार उघडलंत तर तुमची सोय वृद्धाश्रमात."

"भित्रे आहात."

"आहे," तो म्हणाला. "तुमचं काय जातं?"

पाचव्या दिवशी तिला त्याच्या कोटाचं डावं कोपर दिसलं. रुपयाएवढं भोक. कोट जुना, पण कापड असं की आता कुणी विणत नाही. तिनं तो काढायला लावला. अस्तर उघडून आतल्या शिवणीच्या दुमडीतून त्याच कापडाचे धागे उसवून काढले आणि उभा आडवा, उभा आडवा, एकेक धागा मूळच्या विणीत बसवला. तीन दुपारी लागल्या. मोजणीदार नुसत्या शर्टावर बसून वाद घालत होता आणि, शास्त्राप्रमाणे, खरं बोलत होता. बायको गेल्यापासून आपण कुणाशी भांडलो नाही, म्हणाला. अस्तर परत टाचल्यावर त्यानं कोपर खिडकीशी नेलं, चष्मा वर केला, खाली केला.

"भोक होतं कुठे?"

एक्केचाळीस वर्षं हेच वाक्य ऐकण्यासाठी ती जगली होती.

बाराव्या भेटीला लेक लवकर घरी आली. डोकं दुखत होतं म्हणे. दारात उभी राहून किंचाळली, "कोण तुम्ही? बाबा, ही कोण?"

रफूबाईनं मोजणीदाराकडे पाहिलं. मोजणीदारानं पुस्तकाकडे पाहिलं.

"मला नाही माहीत," तो म्हणाला. "येते अशी. घर चुकते बहुतेक."

चौदा महिने भिंतीला भिंत लावून राहिलेल्या त्या लेकीनं पहारेकऱ्याला बोलावलं. त्यानं रफूबाईला विचारलं, आजी, तुम्ही कुठल्या घरातल्या?

तिनं भिंतीकडे बोट केलं. "हिच्या पलीकडच्या. ओळखत नसाल तर वास घेऊन बघा, आमची फोडणी हिच्याच घरात जाते."

संध्याकाळी मुलाला वसाहतीच्या समितीचा फोन आला. दुसऱ्या दिवशी त्यानं सुट्टी घेतली आणि आईला गाडीत घातलं. जाताना वाटेत, समोर बघत बघत, म्हणाला, "आई, डॉक्टरांना सांग, चुकून गेले."

"बारा वेळा?"

"हो. बारा वेळा चुकलीस, तर तो आजार. आजाराला लोक माफ करतात. शेजारीणबाई म्हणाल्या, उपचार करताय ना, मग मी तक्रार मागे घेते. पण मुद्दाम गेलीस म्हणालीस तर... दुसऱ्याच्या घरात? लोक काय म्हणतील?"

"म्हणजे आई वेडी चालेल, पण गप्पा मारायला गेलेली चालणार नाही."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. नीट बोल, दोन्ही बाजू मांड. लहानपणी तू त्या बाकाखाली झोपायचास, आठवतं? सगळं कानावरून गेलंय तुझ्या. एवढं कसं वाहून गेलं?"

मुलानं गाण्याचा आवाज वाढवला.

मोजणीदार भित्रा होता हे तिला माहीत होतं. त्याला वाचवायला चार वेळा खोटं बोलायची तिची तयारीही होती. पण वेडी ठरले तर एकटीला दाराबाहेर पाऊल टाकू देणार नाहीत, एवढं तिला कळत होतं. त्या किमतीला ती देवालाही वाचवणार नव्हती.

डॉक्टर तरुण होता, गोड बोलत होता. लहान मुलाशी बोलावं तसं.

"आजी, आज वार कोणता?"

"आमच्या वसाहतीत वार नसतो. कोर्टाला सुट्टी आहे का सांगा, मग वार सांगते."

डॉक्टरनं काही तरी लिहिलं.

"शंभरातून सात वजा करत चला."

"त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट, अठ्ठावन्न, एकावन्न, चव्वेचाळीस, सदतीस, तीस, तेवीस, सोळा, नऊ, दोन. दोन उरले. मी आणि तो मोजणीदार."

"कोण मोजणीदार?"

मग तिनं सगळं सांगितलं. पहिल्यांदा चुकले, अकरा वेळा मुद्दाम गेले. कडी तो काढून ठेवायचा. बोलायचो ते असं असं. वकिलाला शोभेल अशी बाजू तिनं मांडली, तारखेवार. डॉक्टर ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं मुलाकडे पाहिलं.

मुलगा जमिनीकडे बघत म्हणाला, "ते गृहस्थ म्हणतात, ते हिला ओळखत नाहीत. घरीही ही एकटीच बोलत असते. दोन दोन आवाजांत."

डॉक्टरनं तेही लिहून घेतलं. रफूबाईच्या लक्षात आलं, आपण जितकं खरं सांगतोय तितकं आत रुतत चाललोय. पण तिच्या हातात पुरावा होता.

"त्याच्या कोटाचं डावं कोपर बघा," ती ताठ बसत म्हणाली. "तिथे माझा रफू आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला? आत्ता बघा."

मुलगा नको नको म्हणत होता, पण डॉक्टर म्हणाला, विचारून टाका, त्यांचंही समाधान होईल. शेजारीणबाई घरीच होती. दहा मिनिटांत फोनवर फोटो आला. डॉक्टरनं दोन बोटांनी तो मोठा केला, आणखी मोठा केला. कापडाची वीण दिसू लागली. उभा आडवा, उभा आडवा, एक धागा इकडचा तिकडे नाही.

"मला तर काही दिसत नाही, आजी."

तिनं फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. इतका स्वच्छ हात तिचा ऐन उमेदीतही पडला नव्हता. ती खुदकन हसली.

"दिसणार कसा? दिसला तर तो रफू कसला!"

बोलून गेली आणि मग तिनंच ते ऐकलं. डॉक्टर मान हलवत लिहीत होता. मुलानं डोळे मिटून घेतले होते.

"अस्तर उसवा," ती घाईनं म्हणाली. "आतून टोकं दिसतात. दुमडीतले धागे काढलेत, ती जागा विरळ झालीय. तिला सांगा, अस्तर उसवून..."

मुलानं तिच्यासमोरच पुन्हा फोन लावला. पलीकडचा आवाज तिला ऐकू आला. "धडधाकट कोट फाडू की काय मी? काळजी घ्या हो त्यांची."

"पुरे आता, आई," मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात माया होती. तीच तिला सगळ्यात जास्त झोंबली.

आता तिच्या मनगटात पिवळी पट्टी असते. पट्टीवर घराचा नंबर आणि मुलाचा फोन. मागच्या दाराला आकडे दाबून उघडायचं कुलूप बसलं. शेजारीणबाई गाडीतून हात हलवते. रोगी माणसाशी शेजारधर्म सोपा असतो. एकदा दुपारी खिडकीतून तिला मोजणीदार दिसला. कोट घालून तोही खिडकीशी बसला होता आणि उजव्या हातानं डावं कोपर चाचपत होता, हळूहळू, एकाच जागी. वर बघताच त्यानं पडदा ओढला.

तिचं मन रमावं म्हणून सुनेनं नवऱ्याचा राखाडी कोट आणून दिला. खिशाशी जरासा फाटला होता. "आई, तुम्हाला आवडतं ना? करा आरामात." दुमडीतले धागे काढायला हवेत, हे सुनेला ठाऊक नव्हतं. तिनं रंगीत रिळांचा डबाच पुढे ठेवला.

रफूबाईनं डबा ढवळला आणि लाल रीळ उचललं. रक्तासारखं लाल. दोरा दुहेरी घेतला आणि खिशापासून खांद्यापर्यंत, जिथे फाटलं नव्हतं तिथेही, बोटाएवढे टाके घालत गेली.

संध्याकाळी मुलगा घरी आला. सुनेनं कोट उचलून त्याच्यापुढे धरला आणि हळूच म्हणाली, "बघा. डॉक्टर बरोबरच म्हणत होते."

रफूबाईनं दातानं दोरा तोडला.

"दिसतोय ना आता?" ती म्हणाली.